रुजू व्हावे

"वहिनी, हे काय करून ठेवलंस!"

दादूचा आवाज ओटीवरून थेट चुलीपाशी आला आणि गोदाच्या हातातली भाकरी परातीतच मोडली. बाहेर येऊन पाहते तो काय... गेल्या आठवड्यात टाकलेलं पाकीट परत आलेलं! चारी कोपऱ्यांना तिनंच लावलेली ओली हळद पसरत पसरत पत्त्यावर गेली होती, शाई फुटली होती, आणि पोस्टानं वर शेरा मारला होता... 'पत्ता वाचता येत नाही.'

रत्नागिरीहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन दादूला दोन वर्षं झाली होती. आता घरोघर टीव्ही येणार म्हणून सगळे सांगत होते, पण तो जोडणाऱ्या पोराला नोकरी द्यायला मात्र कुणी तयार नव्हतं. एका जागेला पाचशे अर्ज! त्रेचाळीस ठिकाणी नकार पचवून झाल्यावरचा हा चव्वेचाळिसावा अर्ज, ठाण्याच्या कारखान्याचा, आणि मुदत संपत होती शनिवारी. शुभ कागद हळदीशिवाय उंबरठा ओलांडू नये, या वेड्या मायेनं गोदानं नेमका तोच बुडवला होता!

"चुकलं रे माझं..."

"चुकलं म्हणून भागतं? चुलीपुढून उठलीस कधी? नोकरी म्हणजे काय ते तुला काय कळणार!"

गोदाच्या काळजात कळ उठली. आठ महिन्यांचा असताना सासूबाईंनी शेवटच्या घटकेला ओटीत घातलेला हा दीर नव्हे, लेकरूच! पण ती रागावली नाही. कळतं रे बाबा, मला चांगलंच कळतं... असं मनाशीच म्हणून ती एवढंच बोलली, "नवा अर्ज लिही. दाखल्यांच्या नकला माझ्या पेटीत आहेत."

दादूनं पेटी उपसली. नकला सापडल्या, पण त्यांच्याखाली खणात गुंडाळलेला एक जुना कागद होता. चारी कोपऱ्यांना हळद! 'सौ. गोदावरी यांची नाटे येथील शाळेत शिक्षिका म्हणून नेमणूक झाली असून त्यांनी १५ जून १९६५ पर्यंत रुजू व्हावे.'

तो कागद घेऊनच तो अंगणात धावला. थोरला भाऊ महिपत काजूच्या बिया वाळत घालत होता.

"दादा, हे काय?"

"तिचाच कागद तो," महिपत हातातली बी चोळत म्हणाला. "आपली आय त्याच आठवड्यात गेली. तू रडून रडून निळा पडायचास. कागद पेटीत ठेवलान, तुला मांडीवर घेतलान... पुन्हा कधी नाव काढलान नाय."

दादूनं जाऊन वहिनीचे पाय धरले. "वहिनी, माझ्यासाठी...! आणि मी तुला काय बोललो!"

"ऊठ आधी, भाकरी करपली!" असं म्हणता म्हणता गोदाचेच डोळे भरून आले.

नवा अर्ज झाला. "हळद लाव," दादू पाकीट पुढे करत म्हणाला.

"नको रे बाबा, परत शाई फुटली म्हणजे?"

"कोरडी लाव. आणि पोस्टात नाही टाकत. मी स्वतः एसटीनं नेऊन देतो."

महिन्याभरात मुलाखत झाली, आणि एका सकाळी पोस्टमन धाकू पाणंदीतूनच ओरडत आला. दादूनं पाकीट न फोडता वहिनीच्या हातात दिलं. शाळेतल्या बाईंसारखी ताठ उभी राहून ती खणखणीत आवाजात वाचू लागली, "...आपली निवड झाली असून, एक जूनपर्यंत रुजू..." आणि त्या शब्दावर तिनं बोट टेकवलं.

"वहिनी," दादू म्हणाला, "तू नाट्याच्या शाळेत नाही झालीस, पण माझ्याकडे रुजू झालीस... एकवीस वर्षं!"

गोदानं पदरानं डोळे पुसले आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. "झाले हो रुजू! पण मेल्या, एकवीस वर्षांत एक दिवसाची रजा दिलीस का?"

त्या दिवशी चहा महिपतनं केला.