साडेतेरा अंश

दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. रावेरच्या बाहेर, केळीच्या पॅकहाऊसमधली कोल्ड रूम. तापमान साडेतेरा अंश.

कुंदाबाई आत आली ती तिच्यासोबत पेट्या भरणाऱ्या ज्योतीला शोधायला. मस्कतला जाणारा कंटेनर पॅकहाऊसच्या माल भरायच्या धक्क्याला लागला होता आणि फाटकाशी प्रेमराजची जीप उभी होती. प्रेमराज पॅकहाऊसला बाया पुरवायचा. अलीकडे मस्कतलाही पुरवायला लागला होता. आठ महिन्यांपूर्वी त्यानं कुंदाबाईची भाची कामिनी नेली. तिकडं केळी निवडायचं काम, राहणं-जेवण फुकट. आई-बाप नसलेल्या पोरीला कुंदाबाईनंच धाडलं. तिनं सरळ विचार केला होता: आपली केळी ज्या बंदरात डाग न लागता पोचतात, तिथं पोर पोचायला काय हरकत?

तीन फोन आले. चौथा आला नाही. पेटीवर शेताचा नंबर असतो, तोडणीची तारीख असते, भरणाऱ्या बाईचा नंबर असतो. कामिनीच्या नावाची कुठं चिठ्ठीसुद्धा नव्हती. पोलीस म्हणाले, "स्वखुशीनं गेली ना?"

आज ज्योती मस्कतला निघाली होती. सकाळी कुंदाबाईनं तिला अडवलं तेव्हा प्रेमराज मागून हसला. "अक्का, तुम्हाला कोणी नेत नाही, त्याचा राग पोरीवर कशाला?" बाया खिदळल्या. ज्योतीही.

"ज्योती?"

ती पेट्यांच्या थप्प्यांमधून डोकावली. मागं दार धप्पकन बसलं. बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला. कुंदाबाईनं आतली मूठ पिरगाळली. दार हललं नाही. मग दिवा गेला. तिनं हाका मारल्या, त्या पंख्यांच्या घरघरीत विरून गेल्या. केळीच्या चिकाचा ओला, तुरट वास नाकात भरला. आता जीप निघणार. ज्योती बसणार.

अंधारात फोमचा कागद सरसरला.

कोणीतरी पेटी भरत होतं. रोजच्यासारखं, सावकाश. एक फणी, कागद. एक फणी, कागद.

"कोन शे?"

सरसर थांबली.

"मावशी..."

कुंदाबाई दाराला चिकटली. "कामिनी? माय... तू कधी उनी?"

"उनी नही, मावशी... तठेच शे. बठ्ठा दारे बाहेरथीन बंद शेतस..." आली नव्हती ती; तिकडंच होती, सगळ्या बंद दारांआड.

"थांब पोरी... मी उघाडस..."

"तुनाथीन उघडाव नही." आवाज अगदी कानाशी होता, पण श्वास लागत नव्हता. "मी ज्योतीले बलावस..."

कडी सरकली. उजेडात ज्योती उभी होती, खांद्याला बॅग, चेहरा पांढराफटक.

"अक्का, कामिनी आलीय? मी जीपमध्ये पाय ठेवला आणि तिनं या खोलीतून हाक मारली... 'जोते' म्हणून. मला तसं तीच म्हणायची. आणि ही कडी कोणी घातली?"

मागं नुसत्या पेट्या होत्या.

कुंदाबाईनं तिचं मनगट धरलं ते जीप निघून जाईपर्यंत सोडलं नाही. जीप रिकामी गेली नाही. बोदवडची पूनम आधीच पुढच्या सीटवर बसलेली होती. कुंदाबाई ओरडली, काच वर गेली. ज्योतीचा पासपोर्टही त्याच जीपमध्ये गेला. त्याच दिवशी कुंदाबाईनं पूनमसाठी पोलिसांत अर्ज दिला. त्यावर अजून पोच मिळालेली नाही.

कंटेनर संध्याकाळी सील होऊन निघाला. अशा कंटेनरमध्ये एका पेटीत तापमान टिपणारं छोटं यंत्र ठेवतात. अकराव्या दिवशी मस्कतहून त्याच्या नोंदी आल्या. सील शाबूत. केळी हिरवीगार. कंटेनरच्या स्वतःच्या मीटरवर सगळा प्रवास साडेतेरा अंश. पेटीतल्या यंत्रावर मात्र पहिल्या रात्रीपासून सील तोडेपर्यंत सदतीस; माणसाच्या अंगाइतकं. एवढ्या उबेत केळी दोन दिवसांत काळी पडायला हवी होती.

व्यापाऱ्यानं त्या यंत्राबद्दल चार पत्रं धाडली. यंत्र तपासलं, ते बरोबर निघालं. त्या बंद पेटीत अकरा दिवस कोणाची ऊब होती, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.