चिरद्रव्याचा माग

शुद्धीकरण केंद्राच्या आवक-कुंडात डॉ. रेणुका तारूने बाटली रिकामी केली. शहराचे सगळे मैलापाणी इथे येई. केंद्राचे इंजिनिअर मुजावर शेजारी उभे होते.

"आता तरी सांगा मॅडम, काय होतं त्यात?"

"मागजीवाणू. दिवेकरांच्या कारखान्यात तव्यांना लेप देतात ना, त्यातलं वर्षानुवर्षं न विघटणारं चिरद्रव्य हेच यांचं अन्न. ते जिकडे जास्त, तिकडे हे पाइपच्या ओल्या भिंतीवरून सरकत जातात, प्रवाहाच्या उलट. सर्वांत दाट सापडलं की तिथे वस्ती करतात, आणि दगडासारखा थर धरतात."

"म्हणजे कारखान्याचं गटार बंद. परवानगी घेतलीत?"

"त्यांनी घेतली होती?"

कारखाना चोरून महापालिकेच्या गटारात पाणी सोडतो, हे मुजावरांनीच वरिष्ठांना कळवले होते. चिरद्रव्य मोडणारी कुठलीच प्रक्रिया केंद्रात नव्हती. ते तसेच नदीत जाई, नदीतून माशांत आणि माशांतून भोईवाड्यातल्या ताटांत. तिथेच राहणाऱ्या रेणुकाच्या वडिलांची मूत्रपिंडे त्यानेच निकामी झाली. कारखान्याविरुद्धच्या सुनावणीत दिवेकर शांतपणे म्हणाले होते, "भोयांनी मासे खाणं कमी करावं." त्या दिवशी रेणुका रडली नाही. ती सरळ प्रयोगशाळेत गेली.

महिनाभरात कारखान्याचे गटार तुंबले. पांढरा फेस आवारात पसरला, कार्यालयात शिरला. कामगारांनी थर फोडला, तो पुन्हा धरला. शेवटी कारखान्याला कुलूप लागले. ते पाहायला रेणुका मुद्दाम फाटकापाशी गेली. दिवेकर घोट्याएवढ्या फेसातून गाडीकडे निघाले होते.

"साहेब," ती म्हणाली, "तुम्ही पाणी वापरणं कमी करावं."

दिवेकरांनी तिला ओळखले. तेवढ्यासाठीच ती आली होती. त्या आठवड्यात तिला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

मग एका सकाळी मुजावर प्रयोगशाळेत आले आणि खुर्ची न ओढता उभेच राहिले.

"भोईवाड्यातले संडास तुंबलेत, मॅडम. ओळीनं सगळे. पाइप कापून पाहिला, आत तोच पांढरा दगड. तिथे तर कुठलाच कारखाना नाही."

रेणुकाला उत्तर लगेच सुचले.

"माणसं आहेत. वर्षानुवर्षं ते मासे खाल्लेली. चिरद्रव्य अंगात साठतं आणि लघवीतून थोडं थोडं उतरतं. कारखाना बंद झाला, मुजावर साहेब. आता शहरात ते सर्वांत दाट तिथेच आहे."

"मग पाइप बदलून टाकू. उद्याच माणसं लावतो."

"पाइपात ते वाटेवर आहेत. त्यांना पोचायचंय ते पुढे."

मुजावर हळूहळू खुर्चीत बसले. रेणुकाने आईला फोन लावला.

"आई, बरी आहेस ना?"

"बरीच म्हणायची. पण कालपासून लघवीच होईना गं. पाठीत, बरगडीखाली, सारखं टोचतंय. शेजारच्या पारूचंही तसंच चाललंय. तुझ्याकडं असेल काही औषध तर घेऊन ये."

"येते," रेणुका म्हणाली.

फोन ठेवल्यावर ती औषधांच्या कपाटापुढे जाऊन उभी राहिली. मागजीवाणूंना मारणारे औषध त्यात नव्हते. दिवेकरांनी ते कधी विकत घेऊ नये, म्हणून तिने ते बनवलेच नव्हते.