निळा खांब

"ढापण्या, खोका सरळ धर! आत दगडी हत्ती आहे, बटाटे नाहीत!" ताई ओरडली.

"मग हत्तीलाच सांग ना चालायला!"

सुट्टी लागल्यापासून ताई, ढापण्या आणि धाकटी चिमणी ही भावंडं आत्याच्या संग्रहालयात सामान बांधत होती. सपाट छपराची, उघड्या काँक्रीटची ही इमारत संग्रहालयासाठीच बांधलेली. पुढे तिथे कर भरायची सरकारी कचेरी आली. तिने तळमजल्यावर नव्या फरशा घातल्या, वर उपाहारगृह थाटलं. संग्रहालय आक्रसत खालच्या एका दालनापुरतं उरलं. आता तेही जाणार होतं. दालनातला खांब भर उन्हाळ्यातही ओला, म्हणून इमारत धोक्याची, पाडून टाका, असं इंजिनिअरसाहेबांचं मत होतं. आज ते सही करायला येणार होते.

"आधी मांडा, मग आवरा," आत्या दोरी गुंडाळत म्हणाली. "दमले रे मी."

खांबाला टेकलेली चिमणी उठली. "ई! फ्रॉक भिजला! काल रविवारी तर हा कोरडा होता!"

बाहेर रखरखीत ऊन. मग पाणी कुठलं?

"रविवारी काय बंद असतं?" ताईने विचारलं.

"उपाहारगृह!"

तिघं वर धावली. भांडी घासायच्या मोरीचा पाइप थेट खांबात शिरत होता!

"खांब पोकळ आहे! छपरावरचं पाणी खाली न्यायला," ढापण्या म्हणाला. "इमारतीचा लाकडी नमुना मीच गुंडाळला ना! त्यात खांबाच्या पायाशी भोकही आहे."

"मग खरं भोक कुठंय?"

"फरशीखाली! बुजवलं शहाण्यांनी!"

चिमणीने रंगपेटीतला निळा रंग मोरीत ओतला. ताईने त्यावर बादलीभर पाणी सोडलं.

तिघं धावत खाली आली, तर इंजिनिअरसाहेब पेन उघडत होते. "बाजूला व्हा रे पोरांनो."

"काका, थोडं थांबा ना! खांबाकडे बघा!"

ओल्या डागात हळूहळू निळाई उतरली. साहेब बघतच राहिले. मग त्यांनी पायाशी असलेली फरशी उचकटायला लावली. भळ्ळकन निळं पाणी त्यांच्या बुटांवर!

"तुम्ही वर गेला होतात?" आत्याने हळूच विचारलं.

"गुडघे दुखतात हो," साहेब ओशाळले. "खालूनच पाहिलं. चूक झाली." त्यांनी पेन खिशात ठेवलं. "मोरीचा पाइप आजच काढायला लावतो. खांब धडधाकट आहे. शाबास रे वानरांनो!"

आत्याने तिघांना जवळ ओढलं. मग बांधलेल्या खोक्यांच्या राशीकडे बघत तिने लांब उसासा सोडला.

"गुणाची माझी पोरं! आता हे सगळं परत सोडा!"

"आधी हत्ती," ढापण्या कण्हला, आणि खाली बसून गाठ सोडू लागला.