आतून गोठलेली काच

गाडी निवडताना सिग्रूननं नशिबावर काहीच सोडलं नव्हतं. सेलकर्कच्या जुन्या गाड्यांच्या दुकानात तिनं नवऱ्याला सोबत नेलं आणि मैदानात उभ्या असलेल्या एकेका गाडीत बसवून उठवून पाहिलं. बुटक्या गाडीतून त्याला उठता येईना, उंच गाडीत चढता येईना. शेवटी एका छोट्या, विटकरी रंगाच्या एसयूव्हीची सीट बरोबर त्याच्या कमरेला लागली.

"रूना, आपण गाडी घेतोय की मला कवायत शिकवतेयस?" बाल्डुर धापा टाकत म्हणाला.

"बस पुन्हा एकदा. आता दार लावून घे."

चारही चाकं ओढणारी गाडी, हिवाळी टायर जवळजवळ कोरे, सीट गरम करणारी बटणं, आणि रात्री इंजिन थिजू नये म्हणून भिंतीतल्या प्लगला जोडायची तार नाकाखालून लोंबत असलेली. दुकानदार प्रोकोपचुक म्हणाला, "बाई, लोणी आहे लोणी! एका म्हाताऱ्या माणसाची होती. फार जपायचा." सिग्रूननं लोण्याकडे लक्ष दिलं नाही, खालून गंज बघितला. तो नव्हता.

हे सगळं हौसेनं चाललं नव्हतं. बाल्डुरची मूत्रपिंडं बसली होती. एक दिवसाआड त्याला रिव्हर्टनहून विनिपेगला नेऊन रक्त धुणाऱ्या यंत्राला लावावं लागे. मागच्या हिवाळ्यात जुना ट्रक एका सकाळी रुसला, एक खेप चुकली, आणि जन्मभर तळ्यावर जाळी ओढलेला हा माणूस बर्फावर टाकलेल्या माशासारखा टेबल धरून तोंड उघडमीट करत राहिला. छातीत पाणी झालं होतं. तो दिवस सिग्रून विसरली नव्हती. तिला नाही न म्हणणारी गाडी हवी होती.

आणि गाडीनं खरंच कधी नाही म्हटलं नाही. थंडी उणे तीसच्या खाली गेली तरी पहिल्या किल्लीला सुरू व्हायची. सिग्रून शेजारणीपाशी तिचं कौतुकही करून आली.

मग एका सकाळी मागची उजवी काच आतून गोठलेली दिसली.

बाहेरून काच गोठते, ती खरवडायची आणि निघायचं, त्याचं कुणाला काय? पण आतून? इथलं शेंबडं पोरही सांगेल, काच आतून गोठली म्हणजे गाडीत ओल आहे, आणि जुन्या गाडीत ओल म्हणजे गाडी पुरातली. नदीच्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊनपुसून, सुगंध फवारून गळ्यात मारणारे महाभाग काही कमी नाहीत. सिग्रूनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बर्फाचा तो पांढरा गोल जेवणाच्या ताटाएवढा होता, आणि बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्याच उंचीवर होता. हे तिला दिसलं, पण रागात त्याचा विचार करायला सवड नव्हती.

बाल्डुरला यंत्राला लावून, त्याचं आटपेपर्यंतच्या वेळात तिनं गाडी थेट प्रोकोपचुकच्या दारात उभी केली.

"आजारी माणसाची गाडी म्हणून सांगितलं होतं ना तुम्हाला? बुडालेली गाडी विकताना लाज नाही वाटली?"

"अहो, आधी आत तर या. कॉफी घ्या."

"कॉफी घाला चुलीत! पायाखालचे गालिचे उचला."

त्यानं उचलले. खालचा पत्रा कोरडा ठणठणीत. त्यानं मागच्या सीटचा पट्टा पार टोकापर्यंत ओढून दाखवला. पुरातल्या गाडीच्या पट्ट्याच्या टोकाला गाळाची रेघ सापडतेच, ती नव्हती. तिनं स्वतः वाकून कोपरे हुंगले. कुबट वासही नाही.

प्रोकोपचुकनं काचेवर बोट फिरवलं. त्याचा आवाज जरा उतरला. "बाई, ही ओल नाही. हा श्वास आहे. रात्री कुणीतरी गाडीत येऊन झोपतंय. कुलूप लावता ना?"

"हिवाळ्यात?" सिग्रून ओरडलीच. "गाडीला कुलूप?"

तळ्याकाठी हिवाळ्यात गाडीला कुलूप लावत नाहीत. वाटेत अडकलेल्या माणसाला पहिली दिसेल त्या गाडीत शिरून जीव वाचवता यावा, ही तिच्या आजीच्या आधीपासूनची रीत. आणि हा लबाड तिला शहाणपण शिकवत होता! चोर तो चोर, वर शिरजोर. दार आपटून ती निघाली.

पण काच गोठतच राहिली. रोज सकाळी ती आतून खरवडायची, माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे मागच्या सीटवर पडायचे. सीटवर कुणी टेकल्याची खूण नसायची. एका पहाटे ताजा बर्फ पडून थांबला होता. गाडीभोवती एक पाऊल उमटलेलं नव्हतं, आणि काच मात्र पांढरीफटक.

"येत असेल कुणी," बाल्डुर म्हणाला. "बसू दे की. आपलं काय खातोय?"

"पावलं नाहीत, बाल्डुर! उडत येतो का?"

अलीकडे बाल्डुर गाडीत मान किंचित मागे वळवून बसायचा. एकदा विनिपेगहून परतताना तो स्पष्ट म्हणाला, "हो, यंदा बर्फ लवकर धरला."

"ते तर मी कालच म्हटलं," सिग्रून म्हणाली.

"तुला नाही म्हणालो."

यंत्रानं थकलेला माणूस अर्धवट झोपेत काहीही बरळतो, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. तरी त्या संध्याकाळी, उजेड होता तोवर, तिनं मागची सीट चाचपली, डिकी उघडून पाहिली, सीटखाली टॉर्च मारला. मग जन्मात पहिल्यांदा हिवाळ्यात गाडीला कुलूप लावलं. लाज वाटली, आणि लाज वाटल्याचाही राग आला.

बाल्डुर दारात उभा होता. "रूना, हे काय करतेस? तुझ्या आईनं पाहिलं असतं तर?"

"आईनं ही गाडी घेतली नव्हती."

"आणि कुणी आत असला तर? बाहेर कसा पडेल?"

"आत कुणी नाही. मी बघितलंय."

"तू बघितलंस," तो म्हणाला, आणि आत गेला.

सकाळी मागची काच लख्ख होती.

सिग्रून अंगणातच हसली. म्हणजे कुणीतरी येतच होतं तर! एका कुलपानं खोड मोडली. प्रोकोपचुक खरं बोलला होता हे मात्र ती मेली तरी कबूल करणार नव्हती. तारेचा प्लग काढायला ती गाडीच्या पुढे आली.

पुढची उजवी काच, बाल्डुरच्या सीटच्या बाजूची, आतून गोठली होती. पार वरपासून खालपर्यंत. समोरची काचही त्या बाजूला अर्धी पांढरी.

तिनं दाराची मूठ ओढून पाहिली. कुलूप जसंच्या तसं होतं.

भीती वाटायला हवी होती. पण तिला आला तो संताप. एवढ्या गाड्या पालथ्या घालून, त्याच्या गुडघ्यांना जपून शोधलेली ती सीट. तिनं कुलूप उघडलं, दार सताड उघडलं आणि रिकाम्या सीटवर ओरडली.

"ऊठ! ऊठ म्हणते ना! ती जागा त्याची आहे. मागे बसलास, मी चालवून घेतलं. इथं नाही. ही गाडी मी त्याच्यासाठी घेतलीय, कळलं? तुझ्यासाठी नाही!"

थंडीत शब्द पांढरे होऊन विरले. सीट रिकामीच होती. दारावरच्या काचेचा पांढरेपणा मात्र तिच्यादेखत किंचित दाटला.

"त्याच्यावर ओरडू नकोस."

बाल्डुर पायऱ्या उतरत होता. त्यानं कठडा धरला नव्हता. किती महिन्यांनी तो कठडा न धरता उतरत होता, हे तिला नंतर आठवलं.

"राहू दे त्याला पुढे," तो म्हणाला. "मी मागे बसतो."

"तू मागे बसणार नाहीस! तुझे गुडघे..."

"काही होत नाही गुडघ्यांना."

त्यानं मागचं दार उघडलं आणि एका दमात आत बसला. धाप नाही, कण्हणं नाही. पट्टाही स्वतःच लावला.

वाद घालायला वेळ नव्हता. खेप चुकवायची नव्हती. सिग्रूननं पुढचं दार ढकलून लावलं आणि गाडी सुरू केली. पहिल्याच किल्लीला.

गाव मागे पडलं. हीटरमधून अजून गारच वारा येत होता. तिच्या नाकातोंडातून वाफेचे लोट निघत होते आणि तिच्या पुढ्यातली काच पुन्हा पुन्हा धूसर होत होती.

शेजारच्या काचेवरही धूसर व्हायचं. विरायचं. पुन्हा धूसर व्हायचं. संथ, झोपलेल्या माणसासारखं.

तिनं तिकडे बघायचं नाही असं ठरवलं.

मागे बाल्डुर बोलत होता. वर्षभरात बोलला नव्हता इतका. तळ्याबद्दल, जाळ्यांबद्दल, लग्नाआधीच्या एका हिवाळ्याबद्दल. आवाज मोकळा होता. कुठं अडखळत नव्हता.

"ऐकतेयस ना, रूना?"

"ऐकतेय."

तिनं आरशात बघितलं. त्याच्या बाजूची काच स्वच्छ होती, इतकी की बाहेरचा एकेक तारेचा खांब दिसत होता. तो तिच्याकडे बघून हसला आणि पुन्हा बोलू लागला.

सिग्रूननं पायाखालचं पेडल आणखी दाबलं आणि आरशातून नजर काढली नाही. त्याचे ओठ हलत होते, एकेक शब्द तिला ऐकू येत होता, आणि त्या हाडं गोठवणाऱ्या गारठ्यात त्याच्या तोंडासमोर वाफ नव्हती.