खाखरोची चौथी वाटी

हिरवा ठिपका काही केल्या सापडत नव्हता.

विरति सलोत काळानाळ्याच्या जनावरांच्या खाण्याच्या दुकानात पाऊण तास उभी होती. एकेक पुडा उचलायचा, उलटा करायचा, मागची मुंगीएवढी अक्षरं नाकाशी धरायची... कोंबडी. पुढचा — बकरा. त्याच्या पुढचा — समुद्रातले मासे, तेही म्हणे ताजे. यातला एक जरी पुडा घरी नेला असता तरी इंदुफोईंनी पुड्यासकट तिला फाटकाबाहेर उभं केलं असतं. फोई म्हणजे तिची सख्खी आत्या. आईवडील सुरतेला, विरति भावनगरात शाळेत गणित शिकवायची आणि फोईंकडे राहायची. घर फोईंचं, कायदाही फोईंचा, आणि फोई कट्टर जैन.

शेवटी अगदी खालच्या फळीवर एक पुडा मिळाला. हिरवा ठिपका, चांगला ठसठशीत. तिनं तो छातीशीच धरला.

"तो सशांचा आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, बाह्या दुमडलेल्या, आणि डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत मांजराच्या नखांचे ताजे ओरखडे.

"मला कुत्र्यासाठी हवाय," ती ताठ आवाजात म्हणाली.

"म्हणूनच सांगतोय."

आता पाच दिवसांची झोप नसलेल्या बाईला असं कुणी सांगू नये. विरतिनं त्या अनोळखी माणसासमोर सगळं भडाभडा ओतलं. पिल्लू शाळेच्या टाकीमागे सापडलं, दोन महिन्यांचं असेल. रंग भाजलेल्या खाखऱ्यासारखा, कानही तसेच कडक, म्हणून नाव खाखरो. पहिल्या दिवशी फोईंनी कोमट दूध दिलं. दुसऱ्या दिवशी तुपातली खिचडी. तिसऱ्या दिवशी शेजारच्या बेननी गुळाचा शिरा आणला, लेकरू अनाथ आहे म्हणून. चौथ्या दिवशी बिस्किटं, वर ताक. पाचव्या दिवशी गाठिये.

"एवढं सगळं बदलून बदलून दिलं, तरी त्याचं पोट चालतंच आहे," ती म्हणाली.

"'तरी' नाही. 'म्हणून'," तो म्हणाला, आणि तिच्या हातातला पुडा काढून घेऊन सशांच्या फळीवर ठेवला. वर हसला. त्या हसण्याचाच तिला जास्त राग आला.

हा माणूस म्हणजे कर्दम ओझा, जनावरांचा डॉक्टर. सकाळी पांजरापोळीत गाईगुरं बघायचा, दुपारपासून घोघा सर्कलजवळच्या त्याच्या दवाखान्यात कुत्री-मांजरं. दुसऱ्याच दिवशी खाखरोला टोपलीत घालून विरति तिथं हजर झाली, कारण जाणार कुठे? डॉक्टरनं पिल्लाला तपासलं, जंताचं औषध पाजलं, आणि मग पिल्लाला सोडून तिलाच झापलं. पिल्लाचं पोट म्हणजे काही लग्नाची पंगत नव्हे. एक अन्न धरायचं आणि तेच द्यायचं. नवं आणायचं झालं तर जुन्यात चतुर्थांश मिसळायचं, दोन दिवसांनी निम्मं, आणखी दोन दिवसांनी पाऊण. आठवड्याच्या आत उडी मारायची नाही. दूध बंद, शिरा बंद, गाठियांचं नाव काढायचं नाही.

"आणि अंडं?" त्यानं भीत भीतच विचारलं. "उकडलेलं, अर्धं..."

"अंडं हा शब्दसुद्धा आमच्या उंबऱ्यात येत नाही, डॉक्टरसाहेब."

तो मान खाजवत बसला. मग त्यानं वाद न घालता मूगडाळ-तांदूळ बिनमिठाचा, भोपळा, थोडं पनीर असं लिहून दिलं आणि राजकोटहून पिल्लांचं शाकाहारी खाणं मागवून देतो म्हणाला, ज्यावर खराखुरा हिरवा ठिपका असेल. चार वेळा थोडं थोडं द्यायचं. विरतिनं घरी येऊन फ्रिजवर तक्ता चिकटवला. अपूर्णांक शिकवण्यात तिची दहा वर्षं गेली होती. एका पिल्लापुढे हार खाणारी ती नव्हती.

आणि खरंच, दहा दिवसांत जुलाब थांबले. विरति निःश्वास सोडणार, तोच पहाटे उलट्या सुरू झाल्या.

रोज. साडेपाचला खाकरल्यासारखा आवाज, आणि फोईंच्या पांढऱ्या शुभ्र फरशीवर पिवळा फेस. डॉक्टर म्हणाला, फोटो पाठवा. तिनं पाठवला. दुसऱ्या दिवशी दुसरा. मग तो रिवाजच पडला. जगातल्या मुली सकाळी उठून आवडत्या माणसाला फुलांचे फोटो पाठवत असतील. विरति सलोत उलटीचे पाठवायची.

"आज फेस जास्त," ती लिहायची.

"चमचाभर की वाटीभर?" त्याचं लगेच उत्तर. हा पहाटे साडेपाचला जागा कसा असतो, हा प्रश्न तिला पडायचा, पण विचारायला धीर होत नव्हता... आणि हेही ध्यानात आलं होतं की पहिले तीन दिवस 'विरतिबेन' लिहिणाऱ्या माणसानं चौथ्या दिवशी 'बेन' कुठंतरी सांडून टाकलं होतं. गुजरातेत कुठल्याही बाईच्या नावातून 'बेन' असं आपोआप गळत नाही. ते कुणीतरी मुद्दाम काढावं लागतं.

पण उलट्या काही थांबेनात. त्यानं भोपळा काढला. पनीर काढलं. तांदूळ कमी केला. पुडा बदलला, तोही रीतसर, चतुर्थांशानं. काही नाही. तो फोनवर चिडायचा, ती उलट चिडायची. दोघांनाही समोरच्यानं काहीतरी लपवलंय असं वाटायचं.

"तुम्ही मधूनच शिरा देताय का त्याला?"

"तुम्ही खरंच डॉक्टर आहात ना?"

इकडे फोईंनी हात वर केले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. पर्युषण तोंडावर आलं. त्यांना आठ दिवसांचे उपवास धरायचे होते, घरात साधर्मिकांचं, आपल्याच धर्माच्या माणसांचं, जाणं-येणं होणार. रोज सकाळी ओकारी पुसत त्या व्रत कसं करणार? पर्युषण बसायच्या आदल्या दिवसापर्यंत जनावर बरं झालं तर ठीक, नाहीतर पांजरापोळ. तिथं काय कमी होतं? आपल्याच लोकांची, स्वच्छ, दयाधर्माची जागा.

विरतिनं पांजरापोळ पाहिली होती. जागा चांगलीच होती. फक्त तिथं दीडशे कुत्री होती, आणि खाखरो रात्री तिच्या चपलेत नाक खुपसून झोपायचा.

मुदतीला दोन दिवस उरले, तेव्हा तिनं डॉक्टरला घरीच बोलावलं. संध्याकाळी तो दवाखान्यातून तसाच उठून आला. खोल्या बघितल्या, कुंड्यांतली रोपं हुंगली, फरशी पुसायचं औषध वाचलं, कोपऱ्यातल्या उदबत्तीच्या राखेवरसुद्धा संशय घेतला. फोई सोफ्यावरून पाहत होत्या. मग त्यांनी घड्याळाकडे नजर टाकली आणि लगबगीनं उठल्या. स्वतः दोन घोट उकळलेलं पाणी प्यायल्या. माठावर झाकण घातलं. पेले पालथे घातले. आणि अगदी सहज, त्याच ओघात, खाखरोची पाण्याची वाटी उचलून मोरीत रिकामी केली आणि तीही पालथी घातली.

डॉक्टर त्या पालथ्या वाटीकडे पाहत राहिला.

"हे काय?"

"सूर्य मावळला," विरति म्हणाली. उन्हाळ्यात घाम येतो, असं काहीसं सांगावं तसं.

"तो शेवटचं कधी जेवतो?"

"सव्वासहाला. तुम्हीच चार वेळा सांगितलं होतं ना... सव्वासात, साडेदहा, अडीच, सव्वासहा. आमचा चौविहार असतो, सूर्य मावळला की अन्नपाणी बंद."

"तुमचा," तो म्हणाला. "तुमचा असतो. त्याचा कधीपासून?"

विरतिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात मनात वजाबाकी केली. सव्वासहा ते सव्वासात. तेरा तास. दोन-अडीच महिन्यांचं लेकरू तेरा तास रिकाम्या पोटी, पाण्याचा थेंब नाही... पित्त नाही उसळणार तर काय होणार? एकवीस दिवस ती अन्न बदलत होती. अन्नात काही खोट नव्हतीच. आणि जन्मापासून तिनं, सुरतेला काय नि इथं काय, घरात दिवे लागल्यावर कुणाला जेवताना पाहिलंच नव्हतं, तर तिच्या डोक्यात येणार कुठून?

"मी विचारायला हवं होतं," डॉक्टर कपाळावर हात मारून म्हणाला. "किती वेळा, किती चमचे, कुठला तांदूळ... सगळं विचारलं. किती वाजता, तेवढं नाही."

फोईंचा चेहरा मात्र कठीण झाला होता. रात्रीचं अन्न या घरात? पन्नास वर्षांत झालं नव्हतं.

विरति आत्यापुढे कधी बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "फोई, व्रत घेणाऱ्यानं हात जोडून, आपल्या तोंडानं घ्यायचं असतं. त्यानं कधी घेतलं? आपण त्याच्याकडून उपास करवून घेतोय, आणि पुण्य आपल्या नावावर?"

फोई आसन उचलून सामायिक करायला, ध्यानाला बसायला, आत निघून गेल्या.

त्या संध्याकाळी डॉक्टर घरी गेलाच नाही. नऊ वाजता त्यानं आपल्या डब्यात खाणं भिजवलं आणि फाटकाबाहेरच्या पायरीवर, म्हणजे फोईंच्या हद्दीच्या तीन बोटं बाहेर, बसून खाखरोला भरवलं. विरति आतल्या बाजूला उभी. मध्ये फाटक. खाखरोनं चाटूनपुसून खाल्लं आणि पाण्याची अख्खी वाटी संपवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासहाला तिचा फोन वाजला.

"फोटो आला नाही," तो म्हणाला. आवाजात काळजी होती.

"काही झालंच नाही. कशाचा काढू?"

"फरशीचा काढ ना," तो म्हणाला, आणि 'काढा'चं 'काढ' झालेलं दोघांनीही ऐकलं.

फोई त्या सकाळी उपाश्रयात जाऊन आल्या, त्या पांढऱ्याफटक होऊन. साध्वीजी महाराजांना त्यांनी विचारलं होतं. महाराजांनी सांगितलं, नियम समजून घेणाऱ्याचा असतो. मुक्या जिवाच्या तोंडचा घास अडवला तर अडवणाऱ्याला अंतराय कर्म, म्हणजे अडवणुकीचं पाप, बांधलं जातं. तीन आठवडे फोई स्वतःच्या हातांनी, मोठ्या भक्तिभावानं, रोज संध्याकाळी ते बांधत होत्या. त्यांनी बाजारातून घट्ट झाकणाचा डबा आणला, पुडा त्यात ओतला, डबा बाहेरच्या ओट्यावर ठेवला. नऊला विरतिनं तिथंच वाटी भरायची. स्वयंपाकघर बंद ते बंद. पांजरापोळीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

म्हणजे सगळं सुरळीत झालं. खाखरो ठणठणीत झाला, अंगावर मांस धरू लागला. आणि विरतिची चिडचिड मात्र दुप्पट झाली. पहाटे साडेपाचला डोळे टक्क उघडायचे, फरशी कोरडी. कुणाला काय कळवणार? नऊ वाजता ती ओट्यावर वाटी घेऊन बसायची, फाटकापलीकडची पायरी रिकामी. पर्युषणाचे सात दिवस असे गेले. डॉक्टरनं दोनदा 'कसा आहे' विचारलं, तिनं दोनदा 'बरा' लिहिलं. बरा! एवढं चांगलं पिल्लू, एक दिवस जरा खोकायला काय झालं होतं त्याला?

आठवा दिवस संवत्सरीचा. प्रतिक्रमणाची प्रार्थना करून ती परतली, फोई उपवासानं थकून आडव्या झाल्या होत्या. नऊला ती वाटी भरत होती, तेव्हा फाटक वाजलं.

"तो बरा आहे," ती म्हणाली.

"ठाऊक आहे." तो फाटकाला धरून उभा होता. "तुमच्यात आज चुकांची क्षमा मागतात ना. मला मागायची आहे... ते रोजचे फोटो. दोन पुरले असते. तिसऱ्यापासून पुढच्या सगळ्यांत तेच दिसत होतं."

"आणि चमचाभर की वाटीभर?"

"फोटोत दिसायचं."

विरतिनं वाटी खाली ठेवली. राग यायला हवा होता. इतक्या पहाटा झोपमोड केली होती या माणसानं. "मी आज सगळ्यांना क्षमा केली," ती म्हणाली. "तुम्ही आधी यायला हवं होतं. आता संपली."

"मग उरलेल्या चुका पुढच्या वर्षी मागू?"

"पुढच्या वर्षीपर्यंत येणार आहात?"

"म्हणालीस तर रोज," तो म्हणाला. "मला कुत्र्याचं निमित्त पुरत नाही, विरति. मला तू..." आणि पुढचं वाक्य खाखरोनं त्याच्या बुटाची नाडी ओढून अर्ध्यातच तोडलं. पण ते पोचलं होतं. तिनं खालमानेनं फाटकाची कडी काढली.

आतून फोईंचा क्षीण, पण स्पष्ट आवाज आला. "उद्या पारण्याला डॉक्टरला बोलाव. आठ दिवसांच्या रिकाम्या पोटात काय नि किती घालायचं, ते बघायला कुणीतरी जाणता हवा."

सकाळी घर माणसांनी भरलं. नातेवाईक एकेक करून फोईंना मुगाच्या पाण्याचा चमचा देऊन जात होते. डॉक्टर कोपऱ्यात संकोचून उभा होता. फोईंनीच त्याला खुणेनं जवळ बोलावलं, तोंड उघडलं. त्यानं घाईत चमचा इतका काठोकाठ भरला की अर्धं पाणी साडीवर सांडलं. कुजबुज झाली. ओझांचा, ब्राह्मणाचा मुलगा? जैन सलोतांकडे, पारण्याला?

फोईंनी घोट गिळला, ओठ पुसले, आणि सगळ्या बायकांकडे एकदा नजर फिरवली.

"आता तिलाही दे एक चमचा," त्या विरतिकडे बोट करून म्हणाल्या. "उपवास तिनं धरला नव्हता, पण आठ दिवस तोंड बघवत नव्हतं पोरीचं."

त्यानं चमचा भरला. तिनं डोळे वटारले, इकडेतिकडे पाहिलं, वैतागून कपाळाला आठ्या घातल्या... आणि सगळ्यांच्या देखत, अगदी थोडंसं, तोंड उघडलं.