वनिताबाईंची रुचिरेखा

नव्वद दिवस नुसतं बघत बसलेल्या सुगरणीने त्या रविवारी पहिल्यांदा स्वयंपाक केला.

सुगरण हे साताऱ्यातल्या या घरी ओट्यावर बसवलेलं यंत्र. त्याला दोन लांब हात, वर कॅमेरा आणि जेवणाच्या टेबलात दडवलेले वजनकाटे. कोण काय वाढून घेतं, आधी काय संपवतं, ताटात काय टाकतं, हे टिपून ते प्रत्येकाच्या आवडीचा आलेख काढायचं. कंपनी त्याला रुचिरेखा म्हणे. ही रेखा एकदा पक्की झाली की काही सांगायला नको, मनातलं ताटात येणार, अशी हमी होती.

हे यंत्र आणलं ते वनिताबाईंसाठी, आणि नको होतं तेही त्यांनाच. पंचवीस वर्षं आयटीआयमध्ये पोरापोरींना धातू कातायचं लेथ मशीन शिकवणाऱ्या या बाईंना लडाखमधून बोलावणं आलं होतं. तिथे मोठी दुर्बीण उभी राहत होती आणि तिचे बारीक सुटे भाग घडवायला दोन वर्षं त्यांचा हात हवा होता. उत्तर सोमवारी द्यायचं होतं. नवरा दिगंबर आणि मुलगी शर्वरी दोघंही म्हणत, "तुला हवं ते कर." त्यावर वनिताबाईंचं एकच, "तुम्ही म्हणाल तसं." घोडं तिथेच अडलं होतं. जेवणाची काळजी मिटली तर बाई हो म्हणतील, असा बापलेकीचा हिशेब होता.

बरोबर साडेबाराला सुगरणीने दोन ताटं सरकवली. दिगंबररावांना भरली वांगी, ज्वारीची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. शर्वरीला पातळ फुलके आणि कोथिंबीर न घातलेली आमटी.

"अगं, कांदासुद्धा बुक्कीनेच फोडलाय!" दिगंबरराव खूश झाले. "वनिता, तुझं कुठाय?"

"वनिताताई, बसा," सुगरण म्हणाली. "वेळ आहे."

बरोबर बावीस मिनिटांनी, दोघांची बोटं चाटून झाल्यावर, तिसरं ताट आलं. त्यात काल रात्रीचा गार भात होता. तळाशी राहिलेला वांग्याचा रस्सा होता, वांगं नसलेला. एक फुटका लाडू होता. आणि एका बाजूने काळी ठिक्कर पडलेली भाकरी होती.

शर्वरी आधी खळखळून हसली. मग आईकडे बघून तिने तोंडावर हात धरला.

"बिघडलंय हे!" दिगंबरराव उठलेच. "अगं सुगरणबाई, ही काय थट्टा आहे?"

"बिघाड नाही," यंत्राने शांतपणे सांगितलं. "मी एकशे ऐंशी जेवणं पाहिली. करपलेली भाकरी वनिताताई दर वेळी स्वतः घेतात, दुसऱ्या कुणाला लागू देत नाहीत. ती त्यांना फार प्रिय असावी, म्हणून मुद्दाम करपवली. त्या सगळ्यांच्या नंतर, सरासरी बावीस मिनिटांनी जेवायला बसतात. गरम जेवण त्यांनी एकदाही घेतलेलं नाही."

दिगंबररावांनी ती काळी भाकरी उलटून पाहिली. "ते नव्वद दिवस बघत होतं. मी एकतीस वर्षं काय बघत होतो गं?"

"अहो, असू द्या. मला काहीही चालतं," वनिताबाई म्हणाल्या आणि सवयीने भाकरीकडे हात नेला.

शर्वरीने ताट ओढून घेतलं. "चालतं नको, आई. तुला आवडतं काय?"

केसाच्या दहाव्या हिश्श्याचा फरक बोटाने ओळखणाऱ्या त्या बाईंना आपली आवड सांगता येईना. त्यांना एकदम रडू आलं, आणि रडू आल्याची लाजही वाटली.

दिगंबरराव ओट्याशी गेले. सुगरणीचे दोन्ही हात त्यांनी बाजूला सारले. त्यांना फक्त पोहे येत, तेही शर्वरीच्या वेळच्या बाळंतपणात शिकलेले. कांदा जाड चिरला, फोडणी अंगावर उडवून घेतली, मूठभर शेंगदाणे टाकले, आणि वाफाळती बशी बायकोपुढे ठेवून दोघं बापलेक तिच्या तोंडाकडे बघत बसले.

वनिताबाईंनी घास घेतला. सावकाश चावला.

"मीठ कमी आहे," त्या म्हणाल्या.

दिगंबरराव मिठाच्या बरणीकडे इतक्या आनंदाने धावले की जणू लॉटरीच लागली.

"आणि शेंगदाणे मला आवडत नाहीत. कधीच आवडत नव्हते."

"अगं, एकतीस वर्षं आपण दर रविवारी..."

"हो ना!" वनिताबाईंना आता हसू फुटलं. एकेक दाणा वेचून त्यांनी बशीच्या कडेला लावला. मग मान वर केली. "शर्वरी, फोन दे. लडाखला आजच कळवते. मला ते काम करायचंय. तो निरोप आल्यापासून करायचंय. तुम्ही काही म्हणा."

शर्वरीने आईच्या गळ्यात हात टाकले. टेबलातल्या काट्याने कडेच्या दाण्यांचं वजन टिपलं.

"जुनी रुचिरेखा पुसली. शेंगदाणे वगळले," सुगरण म्हणाली. "वनिताताई, आणखी काय काय आवडत नाही?"

वनिताबाई घास चावत विचारात पडल्या. विचार जरा लांबलाच. बरणी हातात धरून उभ्या असलेल्या दिगंबररावांचा चेहरा उतरत गेला.

"अगं," त्यांनी हळूच विचारलं, "या यादीत माणसंही धरतात का?"