धावड्याचं अंतर

आमच्या महाविद्यालयाची वनस्पती बाग परतूर स्टेशनच्या पलीकडे, रुळांना लागून आहे. दोन एकर काळी माती, भोवती तारेचं कुंपण, आत एकशे बारा झाडं-झुडपं. अंजन, धावडा, मोह, बिब्बा, मेडशिंगी. झुडपांत मुरुडशेंग, धायटी, तरवड. मी इथे तेरा वर्षं वनस्पतीशास्त्र शिकवते. प्रत्येक झाडाचा घेर, उंची, पालवीची तारीख माझ्या वहीत आहे, आणि माझ्या वहीत खाडाखोड नसते. बढाई म्हणून सांगत नाही. पुढचं समजायला ते लागेल.

२०१४ साली मी बागेचा नकाशा केला. फाटकाशी गाडलेला दगडी खांब आणि पंपघराचा कोपरा या दोन पक्क्या खुणांपासून प्रत्येक खोडाचं अंतर टेपने मोजलं. टेपचं दुसरं टोक धरलं होतं कडूबाकाकांनी. ते बागेचे माळी. २०१६च्या उन्हाळ्यात टँकरचं पाणी डब्याडब्याने घालून त्यांनी एकही झाड मरू दिलं नव्हतं. निवृत्त झाले तरी रोज यायचे, बागेच्या मध्यावर एका सपाट दगडावर बसून दुपारची भाकरी खायचे आणि तिथेच घटकाभर आडवे व्हायचे.

गेल्या सप्टेंबरात एक पाहणी समिती येणार होती, म्हणून नकाशा नव्याने काढायला घेतला. भूगोलाचे कल्याण सर मदतीला होते. खांबापासून धावडा चोवीस मीटर साठ सेंटिमीटरवर असायला हवा होता. टेपवर पंचवीस मीटर दहा आलं.

पुन्हा मोजलं. पंचवीस दहा.

मोहाचं अंतर चाळीस सेंटिमीटरने चुकलं. अंजनाचं बासष्ट. संध्याकाळपर्यंत सगळी बाग मोजून झाली आणि एकही आकडा जुन्याशी जुळला नाही.

"काळी माती आहे मॅडम," कल्याण सर म्हणाले. "उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. विजेचे खांब कलतात इथे."

मलाही तेच वाटलं होतं. पण मातीने ढकललेलं झाड कलतं, आणि दहा झाडं दहा दिशांना जातात. आमची सगळी सरळ उभी होती. सरांनी कागदावर प्रत्येक झाडाच्या जुन्या जागेपासून नव्या जागेपर्यंत बाण काढले. सगळे बाण त्या सपाट दगडाकडे निघाले होते.

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "हे समितीला दाखवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी, धावडा २०१४ साली जिथे होता तिथे मी गुडघाभर खणलं. मातीचे थर अखंड होते. तुटलेलं मूळ नाही, भरलेला खड्डा नाही. त्या जागी कधी झाड उभंच नव्हतं, अशी माती.

मी कडूबाकाकांना विचारलं. ते भाकरी मोडत होते.

"सरकले असतील," ते म्हणाले. "मला बी वाटलं, सावली जल्दी येऊन राह्यली अंगावर."

"भीती नाही वाटली?"

"कशाची? पाणी पाजलंय म्याडम. वळखतेत."

मी प्रयोग ठरवला. काकांनी रोज बसायची जागा बदलायची. दगडाऐवजी पूर्वेच्या कोपऱ्यातलं पंपघर. "बसतो की. मला काय, कुठं बी सावली," ते म्हणाले. दर सोमवारी मी मोजत होते. चौथ्या सोमवारी पंपघराजवळची मुरुडशेंग नऊ सेंटिमीटर पुढे आली होती. डिसेंबर उजाडेपर्यंत सगळे बाण पूर्वेला वळले.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. अशा नोंदी जगात कुणाकडे नव्हत्या.

काका वाळत चालले होते, ते मला डिसेंबरात दिसलं. आधी ते पाण्याची एक बाटली आणायचे. आता पाच लिटरचा कॅन आणत आणि तो दुपारीच संपे. मनगटावरची कातडी सुटून खवल्यासारखी झाली होती.

"तहान भागत न्हाई," ते म्हणाले. "पेलेलं कुठं जातं, कळंना."

मी त्यांना जालन्याला दवाखान्यात नेलं. साखर ठीक, मूत्रपिंड ठीक, रक्त ठीक. अंगात पाणी फार कमी आहे, एवढंच डॉक्टर म्हणाले आणि दोन सलाईन लावल्या. प्रयोग मी तिथेच थांबवायला हवा होता. पण फेब्रुवारीअखेरपर्यंतच्या नोंदी मिळाल्या तर निष्कर्ष पक्का झाला असता.

"काका, अजून दोन महिने बसाल ना तिथे?"

"बराबर," ते म्हणाले. मी सांगितलेल्या कुठल्याच गोष्टीला ते कधी नाही म्हणाले नव्हते.

जानेवारीच्या शेवटच्या सोमवारी, भर दुपारी, ते मला पंपघराच्या भिंतीला टेकलेले दिसले. कॅन आडवा पडलेला, रिकामा. ओठ फुटलेले. डोळे उघडे होते आणि त्यांनी मला ओळखलं, पण बोलता येत नव्हतं. या दिवसांत धावडा लाल होऊन झडायला लागतो. बाकीच्या बागेत तसाच पाचोळा पडला होता. पंपघराजवळची झाडं मात्र कोवळ्या, ओलसर पालवीने भरली होती. वारा नव्हता. मुरुडशेंगेची एक फांदी काकांच्या पावलावर आली होती. मी ती बाजूला करायला गेले. ती लगेच सुटली नाही. झोपलेल्या माणसाच्या मुठीतून बोट काढावं, तशी सोडवावी लागली.

काकांची मुलगी शिवकन्या राजूरला असते. तिथे गणपतीच्या देवळाजवळ तिचं नारळ-फुलांचं दुकान आहे. मी फोन केला, ती जीप घेऊन आली. वडिलांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"म्याडम, तुमी रोज बघत होत्या न त्यांना?"

"हो."

"मंग?"

मी जीपचं मागचं दार लावलं. ती पुढे बसली आणि गेली.

राजूरला काका सुधारले. मार्चमध्ये ते स्वतःच्या पायाने देवळापर्यंत जायला लागले. फोनवर आवाज खणखणीत होता. "आता लोटाभर पाण्यात भागतंय," म्हणाले. इकडे मी मोजणं चालू ठेवलं होतं. आठ आठवडे एकही झाड केसभर हललं नाही. मी वही मिटली. प्रकरण संपलं, याची मला खात्री होती.

मे महिन्यात वायव्येच्या बाजूला पक्की भिंत घालायचं काम निघालं. पायासाठी यंत्राने चर खणला जात होता. अकरा वाजता चालकाने यंत्र बंद केलं आणि मला बोलावणं पाठवलं.

मी चरात उतरले.

झाडाची मुळं चहूबाजूंना पसरतात. तेरा वर्षं मी हेच शिकवलं. चराच्या भिंतीत अंजन, धावडा, मोह, बिब्बा, सगळ्यांची मुळं एकाच दिशेला निघाली होती. विंचरलेल्या केसांसारखी, एकमेकांना न गुंतता, कुंपणाखालून बाहेर शेतांकडे. यंत्राने तोडलेल्या ठिकाणी ती ओली होती. टोकं कुठेच दिसत नव्हती. टोकं केव्हाच पुढे गेली होती.

कल्याण सरांनी होकायंत्र लावलं. तीनशे चोवीस अंश. त्यांनी जिल्ह्याचा नकाशा चराच्या काठावर पसरला, परतूरवर पट्टी ठेवली आणि पेन्सिलीने रेघ ओढत नेली. जालना डावीकडे राहिलं. रेघ आणखी वर गेली आणि ते थांबले.

"राजूरला कोण असतं, मॅडम?"

मी तिथूनच शिवकन्येला फोन लावला.

"काका कसे आहेत?"

"बरे हाईत की. अंगणात बसलेत."

"शिवकन्या, त्यांना आजच्या आज तिथून हलव."

"कुठं?"

मला दिशा सांगता येईना. पलीकडे ती कुणाशीतरी बोलली, मग पुन्हा फोनवर आली.

"म्याडम, तुमी झाडाचं शिकलेल्या, म्हणून इचारते. आमच्या अंगणातली फरशी वर उचलून राह्यली. गवंडी म्हणतो, खालून मूळ आलंय. पण आमच्या अख्ख्या गल्लीत झाडच न्हाई."